पडद्यावरचे युद्ध आणि बिदरचे आकाश

बिदर हे नाव गोमंतकाला परके नाही. बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान याने १४७२ साली गोवा जिंकला. त्याच सुमारास त्याने बिदर येथे उभारलेल्या विद्यालयाचे भग्न अवशेष आजही उभे आहेत. मराठी, कानडी आणि उर्दू या तिन्ही भाषा कानी पडणाऱ्या त्या सीमेवरच्या नगरात आज दुसरेच एक विद्यालय चालते. भारतीय हवाई दलाचे भावी लढाऊ वैमानिक तेथील तळावर ‘हॉक’ या प्रगत प्रशिक्षण विमानावर घडविले जातात. युद्धाची चर्चा हा घरोघरचा करमणुकीचा विषय होऊन बसलेला असताना या विद्यालयाकडे लक्ष वेधणे आम्हांला अगत्याचे वाटते.

मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात संघर्ष पेटला, तेव्हा ‘आर्मा ३’ या संगणकीय खेळातील दृश्ये खऱ्या हवाई लढाईची म्हणून लाखो लोकांनी पाहिली व पुढे पाठविली. या खेळाच्या चेक निर्मात्यांनी, आपल्या खेळातील दृश्यांचा असा गैरवापर होत असल्याचा इशारा २०२२ सालीच दिला होता. खोटे चित्र निदान उघडे तरी पाडता येते. त्याहून सूक्ष्म फसवणूक आकड्यांची आहे. अमक्या क्षेपणास्त्राचा पल्ला अधिक, सबब ते श्रेष्ठ, असा हिशेब या खेळांनी तरुण पिढीच्या अंगवळणी पाडला आहे. चीनच्या ‘पीएल-१५’च्या निर्यात आवृत्तीचा पल्ला १४५ किलोमीटर सांगितला जातो आणि आपल्या ‘अस्त्र’चा सुमारे ११०, तेवढ्यावर जयापजयाचा निवाडा करणारे पंडित गावोगावी आढळतात.

वस्तुस्थिती अशी, की जाहीर केलेला पल्ला हा अनुकूल परिस्थितीतला असतो. क्षेपणास्त्र खूप उंचावरून, वेगात असलेल्या विमानातून सुटले आणि लक्ष्य समोरून चालून येत असले, तरच तो गाठता येतो. बहुतेक क्षेपणास्त्रांचे इंधन काही सेकंदांतच जळून जाते. पुढचा प्रवास मिळालेल्या वेगाच्या पुंजीवर चालतो. शत्रूने पाठ फिरवली, तर तोच पल्ला कित्येकदा तिसऱ्या हिश्श्यावर येतो. समुद्रसपाटीजवळची हवा बारा किलोमीटर उंचीवरच्या हवेपेक्षा सुमारे चौपट दाट असल्याने खालच्या थरात ही पुंजी फार लवकर सरते. त्याच मे महिन्यात नेम चुकलेल्या ‘पीएल-१५’चे अवशेष पंजाबातील होशियारपूर जिल्ह्यात सापडले. उलट, आपलीही विमाने पडली हे संरक्षणदल प्रमुखांनी त्याच महिन्याच्या अखेरीस सिंगापूर येथे मान्य केले, आणि किती पडली यापेक्षा ती का पडली हे महत्त्वाचे, अशी भूमिका घेतली. ती आम्हांला योग्य वाटते.

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेलाही हाच धडा मिळाला. अचूक म्हणून गाजलेली तिची ‘स्पॅरो’ क्षेपणास्त्रे प्रत्यक्षात दहांतून जेमतेम एकदा लक्ष्यावर बसत. तेव्हा अमेरिकी नौदलाने १९६९ साली हवाई लढाईची खास शाळा काढली. शस्त्राचे उणे शिक्षणाने भरून काढावे लागते, हे त्या राष्ट्राला उमगले होते.

आपल्याला मात्र ते उमगावयास फार वेळ लागला. प्रगत प्रशिक्षण विमान हवे, असे १९८२ सालच्या ला फाँटेन समितीने सांगितले. ६६ ‘हॉक’ विमानांचा करार २००४ मध्ये झाला आणि बिदरला ती २००८ च्या फेब्रुवारीत दाखल झाली. मधल्या पाव शतकात कोवळे वैमानिक मंद गतीच्या ‘किरण’वरून थेट, ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने जमिनीवर उतरणाऱ्या ‘मिग-२१’वर बसविले गेले. त्या दिरंगाईचे मोल कोणी मोजले, हे सांगावयास नको. बिदरच्या आकाशानेही आपला कर घेतला आहे. ‘सूर्यकिरण’ पथकाचे दोन वैमानिक २००६ मध्ये आणि एक २००९ मध्ये तेथेच मृत्युमुखी पडले.

सिम्युलेटर निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. इंजिनाला आग लागली तर काय करावे, हे जमिनीवर शंभरदा चुकून शिकता येते. आकाशात एकदाही चुकण्याची सवड नसते. परंतु वजन आठपट झाल्यासारखे वाटून डोळ्यांपुढे येणारी अंधारी, कोंदट कक्षातला घाम आणि मृत्यूचे भय पडद्यावर उमटत नाही. शिवाय सिम्युलेटरही खरा असावा लागतो. नौदलाच्या ‘मिग-२९ के’ विमानांविषयीच्या २०१६ सालच्या अहवालात नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी नोंदविले, की विमानवाहू नौकेवर उतरण्याच्या सरावासाठी त्यांचा सिम्युलेटर अयोग्य ठरला. त्यातील दृश्येच त्या कामाला पुरी पडत नव्हती. कागदावर ४५ विमानांची खरेदी. पण एकआसनी विमानांची उड्डाणसज्जता मात्र सुमारे १६ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान!

ही विमाने दाबोळीच्या ‘हंसा’ तळावरून उडतात, म्हणजे आमच्याच घरांवरून. नोव्हेंबर २०१९ मध्ये पक्ष्यांचा थवा आदळून त्यांपैकी एक वेर्णा परिसरात कोसळले. वैमानिकांनी ते वस्तीपासून दूर वळविले, म्हणून मोठा अनर्थ टळला. पुढच्याच नोव्हेंबरात गोव्याजवळच्या समुद्रात कमांडर निशांत सिंह यांना जलसमाधी मिळाली. खेळात विमान पडले तर कळ दाबून नवे मिळते. येथे अकरा दिवस समुद्र धुंडाळावा लागला, तेव्हा त्यांचा देह सापडला.

नौदलासाठी २६ ‘राफेल मरीन’ विमानांचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला असून त्यात सिम्युलेटर व प्रशिक्षण यांचाही अंतर्भाव आहे. विमानांची मोजदाद करण्यापूर्वी तो सिम्युलेटर कसोटीला उतरतो की नाही, हे शासनाने पाहावे. सुटे भाग आणि उड्डाणाचे तास यांत काटकसर करू नये. आणि अपघातांच्या चौकशीचा, गोपनीयतेला बाध न येईल इतका तरी निष्कर्ष जनतेपुढे ठेवावा. नागरिकांनीही पडद्यावरच्या आकड्यांवरून राष्ट्राचे बळ जोखण्याची सवय सोडावी. ते बळ बिदरच्या धावपट्टीवर, एकेका उड्डाणागणिक, सावकाश साठत असते. आणि तेथे केलेली हयगय युद्धाच्या दिवशी कोणत्याही यंत्राने भरून निघत नाही.