दोन खांबांमधले अंतर

वरळी कोळीवाड्यातल्या क्लीव्हलँड बंदरातून निघालेली होडी आज एका कमानीखालून समुद्रात जाते. किनारा मार्गाला वांद्रे-वरळी सागरी सेतूशी जोडणाऱ्या पुलाची ही कमान. मूळ आराखड्यात येथे दोन खांबांमधला गाळा 60 मीटरचा होता. आज तो 120 मीटरचा आहे. मधला एक खांब गळला आणि त्याच्या जागी सुमारे 136 मीटर लांबीची, दोन हजार टनांची पोलादी तुळई समुद्रमार्गे आणून बसवावी लागली. मुंबईच्या वेगवान रस्त्यांचा इतिहास साठ वर्षांचा. त्यात रस्त्यावर गाडी न चालवणाऱ्या कुणासाठी आराखडा बदलल्याचे असे उदाहरण दुसरे शोधावे लागेल. म्हणूनच या खांबाची गोष्ट पुलाच्या उद्घाटनापेक्षा मोठी.

कोळ्यांचे म्हणणे साधे होते. नकाशावर होडी सरळ रेषेत जाते, पाण्यात ती तशी जात नाही. उधाणाचे पाणी, तिरका वारा आणि खडकाळ तळ अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की होडी खांबाकडे ओढली जाते. समोरून दुसरी होडी आली तर साठ मीटरांत सावरायला वाव उरत नाही. पालिकेचे म्हणणे होते, तेवढे अंतर पुरेसे आहे. दोन्ही बाजूंकडे जाणकार होते. फरक इतकाच की एका बाजूच्या जाणकारीवर शिक्का होता आणि दुसऱ्या बाजूच्या हाताला घट्टे. अखेर होड्या आडव्या घालून काम रोखावे लागले, तेव्हा कुठे डिसेंबर 2022 मध्ये 120 मीटरचा निर्णय झाला. कोळ्यांची मागणी त्याहूनही अधिकची होती.

या किनाऱ्याला पुलांचा इतिहास नवा नाही. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी पूर्वी नावेतून ओलांडावी लागे आणि पावसाळ्यात तो प्रवास जिवावरचा असे. 1845 मध्ये तेथे बांध-रस्ता झाला तो लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या दीड लाखाहून अधिक रुपयांतून. त्यांची अट एकच होती : येथून जाणाऱ्याकडून टोल घेऊ नये. शतकभर शहर या बांधावरून वांद्र्याला गेले. त्यानंतर मोटारी वाढल्या, आणि 1960 च्या दशकाच्या आरंभी विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार संस्थेने मुंबईला द्रुतगती रस्त्यांचे स्वप्न दाखवले. बेटाच्या पूर्वेला एक, पश्चिमेला एक. पूर्वेकडचा रस्ता प्रत्यक्षात यायला 2013 साल उजाडले. पश्चिमेकडचा तुकड्यातुकड्यांनी आला.

पहिला तुकडा म्हणजे सागरी सेतू. 1999 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, तेव्हा खर्चाचा अंदाज 660 कोटी रुपयांचा होता आणि मुदत पाच वर्षांची. 30 जून 2009 रोजी सोनिया गांधी यांच्या हस्ते तो खुला झाला तोवर दहा वर्षे उलटली होती आणि खर्च 1,600 कोटींवर गेला होता. तेव्हाही आठपैकी चारच मार्गिका तयार होत्या. उरलेल्या पुढच्या वर्षी आल्या. 5.6 किलोमीटरचा हा पूल देखणा आहे, अभियंत्यांचे कौतुक व्हायलाच हवे. पण वांद्र्याहून दहा मिनिटांत वरळीला पोहोचलेली मोटार वरळीच्या सिग्नलवर अडकू लागली. सेतू हाजी अलीपर्यंत वाढवण्याचे बेत झाले आणि बारगळले. मग आला किनारा मार्ग.

मरीन ड्राइव्ह ते वरळी या 10.58 किलोमीटरच्या रस्त्याचे काम 2018 मध्ये सुरू झाले. भराव घालून 111 हेक्टर जमीन समुद्रातून काढली गेली. जुलै 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने किनारपट्टी नियमांखालची मंजुरी रद्द केली. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले. मार्च 2024 मध्ये पहिला टप्पा खुला झाला, त्याच वर्षी 12 सप्टेंबरला सेतूशी सांधणारा पहिला पूल आणि 26 जानेवारी 2025 रोजी दुसरा. खर्च सुमारे 14,000 कोटी.

या पैशांतून वेळ वाचतो, हे खरे. प्रश्न आहे तो कोणाचा, हा. सेतूवर दुचाकी, रिक्षा आणि पादचारी यांना मज्जाव आहे. किनारा मार्गाच्या मुख्य रस्त्यावरही तोच नियम. आराखड्यात बससाठी स्वतंत्र मार्गिकेची कल्पना होती, ती रस्त्यावर उतरली नाही. ज्या शहराचा कणा लोकल आणि बेस्ट आहे, तिथे सार्वजनिक पैशाचा इतका महागडा रस्ता प्रामुख्याने खासगी मोटारीसाठी असावा, हे आपण फारशी खळखळ न करता स्वीकारले. आपला आवाज चढतो तो पुलाला नाव कोणाचे द्यायचे यावर. किनाऱ्यालगतची पायवाट ऑगस्ट 2025 मध्ये लोकांसाठी खुली झाली आणि संध्याकाळी तिथे पाय मोकळे करायला जाणाऱ्यांनी ती आपलीशी केली. चालणाऱ्यांना जागा दिली की ते येतात, इतकाच त्याचा अर्थ.

आता हा रस्ता उत्तरेकडे सरकतो आहे. वांद्रे ते वर्सोवा सागरी सेतू, पुढे वर्सोवा ते दहिसर आणि भाईंदर. वाटेत खारदांडा आहे, जुहूचे मोरागाव आहे, वेसावे आहे. पुढे चारकोप-गोराईच्या खाड्या आणि तिवरांची राने आहेत. तिथेही होड्या आहेत, तिथेही वारा तिरका वाहतो. प्रत्येक कोळीवाड्याने काम रोखल्यावरच सरकारने गाळा मोजायचा का? वरळीत खांब काढून पूल उभा राहिला, वाहतूक सुरू झाली, अभियांत्रिकी हरली नाही. हाच बदल आधी केला असता तर वेळ, पैसा आणि कटुता तिन्ही वाचले असते. तेव्हा उत्तरेकडच्या कामांत पहिला खांब रोवण्यापूर्वी तिथल्या तांडेलांना आराखड्यासमोर बसवा, बससाठीची मार्गिका कागदावरून रस्त्यावर आणा आणि तिवरांचा हिशेब लोकांसमोर मांडा. वरळीचा 120 मीटरचा गाळा अपवाद न राहता नियम झाला, तरच साठ वर्षांचे हे रस्तापुराण शहाणपणाकडे वळले असे म्हणता येईल.