प्रोसेसला नाव विचारू नये

लग्नाच्या मांडवात पाहुण्यांना पंगतीत बसवायचं काम कधी केलंय? मी केलंय, मामेभावाच्या लग्नात. आडनाव ऐकून बाजू ठरवायला गेलो आणि मुलीकडच्या जोश्यांना आमच्या जोश्यांत बसवून आलो. "कोणाकडचे?" एवढं विचारलं असतं तर भागलं असतं. पुढे लिनक्सवर हीच चूक मी पगार घेऊन केली.

प्रोसेसचे गट पाडायचे आणि कोणत्या गटाला किती सीपीयू, किती मेमरी ते ठरवायचं, यासाठी लिनक्समध्ये कंट्रोल ग्रुप आहेत. गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये हे काम सुरू केलं आणि जानेवारी २००८ च्या २.६.२४ कर्नलमध्ये ते आलं. गट करणं सोपं. कोण कुठल्या गटात, हे ठरवणारा नियम लिहिताना खरी गंमत.

जुनी पद्धत अशी: एका फाइलीत ओळी लिहायच्या. अमक्या युजरची तमक्या नावाची प्रोसेस दिसली की या गटात. एक डीमन कान लावून बसलेला असतो. तो ओळी वरून खाली वाचतो आणि पहिली जुळेल तिच्याप्रमाणे प्रोसेस हलवतो. इतकं सुटसुटीत की मोह आवरत नाही!

आमच्याकडे रात्री रिपोर्टांची चाळीसेक पायथन प्रोसेस मशीन खाऊन टाकत. मी एक ओळ लिहिली: पायथन दिसलं की मागच्या पंगतीत, सगळ्यांनी मिळून दोन कोअरच्या वर जायचं नाही. सगळे खूश. सहा महिन्यांनी एका सहकाऱ्याने मशीनांवर लक्ष ठेवणारा जुना प्रोग्रॅम पायथनमध्ये नव्याने लिहिला. चांगला लिहिला होता हो. पण दोन मिनिटांची फेरी त्या रात्री पाऊण तास रेंगाळली, डिस्क भरल्याचा निरोप कोणाला गेलाच नाही, आणि सकाळच्या मीटिंगमध्ये बोलणी बसली ती त्याला. माझी ओळ मला दुपारी आठवली. ते त्याला सांगताना जीभ जड झाली होती.

नाव ही प्रोसेसची सगळ्यात कच्ची ओळख. जावा नावाची दहा माणसं दहा कामं करत असतात. शिवाय कर्नल जे छोटं नाव जपून ठेवतो ते १५ अक्षरांत कापलेलं असतं. आणि डीमन हलवतो तो प्रोसेस सुरू झाल्यानंतर. तेवढ्यात तिला झालेली पोरं जुन्याच गटात राहतात, आणि तिने घेतलेली मेमरीही जुन्या गटाच्याच खात्यावर.

खरं तर उत्तर कर्नलने आधीच देऊन ठेवलंय: पोर आईबापाच्या गटात जन्मतं. म्हणजे सुरू करतानाच योग्य गटात सुरू करा, नंतर हुडकत बसू नका. २०१० मध्ये माइक गालब्रेथ यांच्या छोट्या पॅचवरून बराच वाद झाला. लेनार्ट पोएटरिंग यांचं म्हणणं, हे तर शेलच्या चार ओळींत होतं. पॅच मार्च २०११ मध्ये २.६.३८ सोबत आला. कर्नलने करावं की बाहेर, यावर भांडा हवं तितकं. दोन्ही बाजूंना नाव नको होतं, कुठल्या सेशनमधून आलास एवढंच हवं होतं. सिस्टिमडीने तेच पुढे नेलं: सर्व्हिस सुरू होते तीच आपल्या गटात. लोक सिस्टिमडीला शिव्या घालतात, मीही घालतो, पण या बाबतीत त्याचं बरोबर आहे.

युजरवरून लिहिलेल्या नियमाला माझी हरकत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये एका मशीनवर शंभर विद्यार्थी असतील तर प्रत्येकाला सारखा वाटा, हे न्यायाचंच आहे.

आमचे रिपोर्ट आता आपल्या वेगळ्या स्लाइसमध्ये सुरू होतात. नावावरून चालणारा एकच नियम उरलाय, एका विकत घेतलेल्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी. ते आपले मदतनीस कुठून सुरू करतं ते बदलायची सोय नाही. त्या ओळीच्या वर कॉमेंटमध्ये मी तारीख, कारण आणि माझं नाव लिहून ठेवलंय. रात्री कोणाला फोन करायचा ते कळावं म्हणून.