पंचांना बाजू असतेच

आमच्या बेळगाव भागातल्या एका निवृत्त आणि त्यामुळे कायम मोकळ्या असलेल्या गृहस्थांनी अलीकडे एका व्याख्यानात गावोगावच्या पंचांचा, तंटे मिटवणाऱ्यांचा, मध्ये पडणाऱ्या समस्त मंडळींचा निकाल लावून टाकला. निकाल एकतर्फी होता, कारण प्रतिवादी हजर नव्हते. ते त्या संध्याकाळी बहुधा कुणाच्या तरी ओसरीवर बसून भांडण ऐकत असावेत.

गृहस्थांचं म्हणणं थोडक्यात असं. देशात कायदा आहे, कोर्टं आहेत, मग ही मधली मंडळी कशाला? मध्ये पडणारा एक तर दोन्हीकडचा चहा पिणारा असतो, नाही तर कुणाचा तरी आतला माणूस. तडजोड म्हणजे दुबळ्याने सोडायचं आणि दांडग्याने मिळवायचं. सीमाभागात तर समेटाचं नाव काढणंच पाप, कारण समेट करकरून मराठी माणसाच्या पदरात पडलं काय? आणि मध्यस्थ हवाच असेल तर तो बाहेरचा, शिकून आलेला, कुणाशी नातंगोतं नसलेला असावा. त्यांच्या तोंडून हे जास्त शोभिवंत वाटलं. मी जरा आवळून सांगतोय. टाळ्या पडल्या. आमच्याकडे शेवटच्या वाक्याला पडतातच, त्यानंतर चहा असतो.

सीमाप्रश्नाचं आधी उरकतो, कारण तो त्यांनी टाळ्यांसाठीच आणला होता. १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापुढे आम्ही दर वर्षी मान झुकवून उभे राहतो. त्या स्मारकाच्या आडून गावच्या पंचांवर दगड मारायचं काय कारण? महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, बेळगाव म्हैसूर राज्यातच राहू द्यावं असं त्यात म्हटलं होतं आणि महाराष्ट्राने तो फेटाळला. ती मध्यस्थी नव्हती, एका न्यायमूर्तींनी केलेली शिफारस होती. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा घटनेच्या कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात आहे. म्हणजे वीस वर्षांहून जास्त काळ तो आमच्या व्याख्यात्यांच्याच लाडक्या ठिकाणी मुक्कामाला आहे! डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवलं, दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांनी बसून बोलावं असं ठरलं. समेटाचा प्रयत्न म्हणायचा तर हा. त्याच्या फळाचा हिशेब हिंडलग्याच्या किंवा कडोलीच्या पंचांकडे मागू नये. सरकार आणि जनता यांच्यातलं भांडण ओसरीवर मिटत नाही, हे पंचांना व्याख्यात्यांच्या आधीपासून माहीत आहे.

आता त्यांच्या खऱ्या मुद्द्याकडे येतो, म्हणजे ज्याने माझं डोकं फिरलं त्याकडे. मध्यस्थाला बाजू नसावी, तो परका असावा, म्हणून गावचा माणूस बाद.

आमच्या शिवारातले दोन चुलतभाऊ घ्या. वरच्या खाचरातलं पाणी खालच्याच्या रोपात शिरायचं. खालच्याने बांध चढवला, तर पाणी तुंबून वरच्याची रोपं कुजायला लागली. त्यात बांध नक्की कुणाचा, हा आज्याच्या वेळचा वाद. मोजणीवाले येऊन गेले होते, खुंट ठोकून गेले होते, आणि खुंट रातोरात चालायला लागले होते. मध्ये पडले ते देवस्थान पंच कमिटीतले एक जण, वरच्याचे सख्खे मामा. व्याख्यात्यांच्या हिशेबाने प्रकरण तिथेच नासलं. खालचा तोंडावर म्हणालाही, ‘मामा, तुम्ही त्येच्याच बाजूनं बोलणार.’ मामा म्हणाले, ‘बोलणार की. खरं उद्या तुझ्या पोरीच्या लग्नात मीच उभा ऱ्हायचा हाय नव्हं? मग बस की गा, ऐकून तर घे.’

मामा बोलले थोडं. कुदळ घेऊन बांधावर गेले, गवत उपटलं आणि तीन ठिकाणी हातभर उकरलं. खाली जुन्या बांधाच्या दगडांची ओळ लागली. ती भाच्याच्या खाचरात चांगली हातभर आत होती. भाच्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मामा त्याला म्हणाले, ‘तुझ्या आज्यानं लावल्यात ह्यो दगड. मी बारका हुतो तवा, टोपली माझ्याच डोक्यावर हुती.’ मग खालच्याकडे वळून त्यालाही झापलं, की बांध तुझा असला तरी पाणी अडवायचा परवाना तुला कुणी दिला? कोपऱ्यात सिमेंटची नळी टाकायची, खर्च निम्मा-निम्मा, नट्टी, म्हणजे रोपांची लावण, होऊन पंधरा दिवस झाल्याशिवाय वरच्याने पाणी सोडायचं नाही. एक कागद लिहिला, दोघांनी सह्या केल्या, दोघांनी मोबाईलवर फोटो काढून ठेवले.

खालच्याने का ऐकलं? मामांनी दगड भाच्याच्या विरुद्ध दाखवला म्हणून. परक्या तज्ज्ञाने तोच दगड दाखवला असता तर भाचा म्हणाला असता, दगडाचं काय, कुणीही पुरलेला असेल. आणि मामांचं वजन आलं कुठून? त्यांची बाजू सगळ्या गावाला ठाऊक होती, ती सोडताना त्यांना काय पडलं हेही सगळ्यांनी पाहिलं. शिवाय निवाडा चुकला असता तर त्यांना उद्या त्याच वाटेने दूध घालायला जायचं होतं. बाहेरून येणाऱ्या तटस्थ माणसाला सहाची बस असते.

व्याख्यात्यांना हे खेडवळ वाटेल, म्हणून त्यांच्याच पूज्य स्थानावरचं उदाहरण देतो. त्यांच्या भाषणात गांधीजी दोनदा आले. १९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालं, तेव्हापासून आमच्याकडे ते गटार-योजनेच्या उद्घाटनातही येतात. पण दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्लांच्या खटल्यासाठी गेलेले बॅरिस्टर गांधी कुणालाच आठवत नाहीत. समोरचे तय्यब शेठ दादा अब्दुल्लांचे नातेवाईकच, एकाच गावचे. खटला दोघांनाही खाऊन टाकील हे बघून गांधींनी तो लवादाकडे न्यायला लावला. दादा अब्दुल्ला जिंकले. सगळी रक्कम एकदम मागितली असती तर तय्यब शेठचं दिवाळं निघालं असतं, तेव्हा हप्ते बांधून द्यायला गांधींनी आपल्याच अशिलाला राजी केलं. ते तटस्थ होते काय? एका बाजूचे पगारी माणूस होते. म्हणूनच त्यांचा शब्द त्या बाजूला लागू पडला.

आणखी मागे जायचं तर पेशवाईतले महजर पाहा. गोतसभेत पाटील, कुलकर्णी, आसपासच्या गावचे वतनदार, बलुतेदार बसत, आणि निवाड्याच्या कागदावर लिहिता न येणाऱ्यांच्या निशाण्या असत. पाटलाचा नांगर, बाकीच्यांची आपापली हत्यारं. यातला एकही माणूस त्या भांडणाला परका नव्हता. बोलावायचं कारणच ते होतं, की शीव कुठून जाते हे त्यांच्या पायांना माहीत होतं. इंग्रज अंमलदार एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या पंचायतीचे दोष काही लपवले नाहीत. पंच वेळेवर जमत नाहीत, लांबण लागते, निकाल अंमलात यायला सरकारी हात लागतो, हे सगळं लिहिलं, आणि तरी ही पद्धत राखावी असं सांगितलं. जिंकून आलेला माणूस हे लिहितो, आणि आमचे निवृत्त गृहस्थ पंचांना अडाणी म्हणतात.

आणि हा जो कायदा ते सारखा उगारतात, तो काय म्हणतो? २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं स्वतंत्र प्रकरण आहे. दोन्ही पक्षांची आधी संमती हवी, तिघांचं मंडळ हवं. मंडळावर कोण? त्या समाजात पत असलेली, सचोटीची माणसं, लोकांच्या कामी आलेला स्थानिक माणूस, वस्तीचे प्रतिनिधी. महिलांच्या प्रतिनिधित्वाचा विचार करा असंही त्यात आहे. परका आणा असं कुठे लिहिलेलं नाही. व्याख्यात्यांनी कायदा वाचला नसेल असं मी म्हणत नाही. वाचून विसरले असतील.

शिकलेल्या मध्यस्थांशी माझं वैर नाही. कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात ४० तासांचं प्रशिक्षण घेऊन बसणारे वकील नवरा-बायकोच्या प्रकरणांत फार मोलाचं काम करतात. तिथे परकाच हवा, कारण तिथे मामा हाच बहुधा मूळ आजार असतो. पण औषध एका रोगाचं म्हणून सगळ्या गावाला पाजायचं?

इथे एक जुनं भांडण उकरून काढतो. काही वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या बिनविरोध निवडणुकांचं कौतुक चाललं होतं, तेव्हा मी त्याविरुद्ध लिहिलं होतं. देवळाला जास्त देणगी देईल त्याच्या नावावर जागा सोडायची, याला एकोपा कसं म्हणायचं? तेव्हाचे माझे एक प्रतिपक्षी आता विचारतात, की निवडणुकीत भांडण हवं म्हणणारा हा माणूस बांधावर समेट कसा मागतो? तेव्हा त्यांना कळलं नव्हतं, आताही कळेल अशी आशा नाही, तरी सांगतो. बिनविरोधात भांडण ऐकूनच घेत नाहीत. पंचांसमोर आधी दोघांनी पोटभर भांडायचं असतं. याच कारणाने पलीकडच्या महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेली तंटामुक्त गाव मोहीम मला अर्धीच पटली. समित्या झाल्या, भांडणं मिटली, पळून आलेल्या जोडप्यांची लग्नंसुद्धा समित्यांनी लावून दिली, हे चांगलंच. पण तंटे मिटल्याबद्दल गावाला लाखाचं बक्षीस ठेवलं की तंटा मिटवण्यापेक्षा तो नोंदवू न देणं स्वस्त पडतं.

आता व्याख्यात्यांचा पहिला सवाल, कोर्ट आहे मग पंच कशाला? कोर्टालाच विचारा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ प्रमाणे कोर्टच पक्षकारांना म्हणतं, बाबांनो, मिटत असेल तर मिटवा.

राहिला दुबळ्याचा मुद्दा. त्यांच्या भाषणातला तेवढाच खरा होता, आणि त्यांनी तो दोन वाक्यांत उडवला. जातपंचायतींनी वाळीत टाकलेली घरं काल्पनिक नाहीत. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला, तो २०१७ साली अंमलात आला. बाईला मारहाण, बलात्कार, अ‍ॅट्रॉसिटी, यात जो पंच ‘घरातलं घरात मिटवू’ म्हणतो, त्याला ओसरीवरून उठवून पोलीस ठाण्यात नेऊन बसवावं. जिथे एका बाजूला ‘नाही’ म्हणून उठून जायची मुभा नाही, तिथे समेट होत नाही, दमदाटी होते. आमच्याकडच्या कित्येक पंच कमिट्यांत बाई औषधालाही नाही आणि खालच्या आळीचा माणूस यात्रेच्या वर्गणीपुरता आठवतो, हेही मला मान्य आहे. पण त्यावर उपाय कमिटी मोडण्याचा की त्यांना तिथे बसवण्याचा? व्याख्याते म्हणतील मोडण्याचा. मोडून झाल्यावर तीच बाई तालुक्याच्या कोर्टात तारखेला जाणार कुणाच्या गाडीवरून, हे त्यांनी सांगितलं नाही.

मग पंचांनी करायचं काय, असं कुणी विचारील. फार नाही. दोघांच्या तोंडून, साक्षीदारांसमोर, आधी संमती घ्यावी. आपली बाजू कुठली ते पंचाने बसण्याआधी सांगून टाकावं, आणि ज्याला ती खटकेल त्याला दुसरा पंच मागता यावा. ठरलेलं लिहून काढावं. आमच्याकडे उतारा कन्नडमध्ये असतो आणि भांडण मराठीत, त्यामुळे कागद दोन्हींत असावा. शेजारचा शेतकरी कन्नडिग असेल तर पहिल्यांदा त्याच्या भाषेत वाचून दाखवावा. सामुदायिक मध्यस्थीतल्या तडजोडीला कायद्याने कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ दिलेलं नाही. पाण्याची वाट, गुरांची नासधूस, यात्रेतला मान, एवढ्याला ते लागतही नाही. कोर्टात आधीच दावा पडलेला असेल तर झालेली तडजोड लोकअदालतीत नेऊन नोंदवावी. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच धरला जातो, त्यावर अपील नसतं आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. वाटणी असेल तर सबरजिस्ट्रारकडे जाण्यात कंटाळा करू नये. तोंडी वाटणीने जितकी घरं फुटली तितकी तर दारूनेही नसतील.

आणि बैठका मे महिन्यात घ्याव्यात, धूळवाफ पेरणीच्या आधी. तेव्हा शिवार उघडं असतं, बांध स्पष्ट दिसतो, मुंबई-पुण्याला गेलेले भाऊही सुटीला आलेले असतात. एकदा नट्टी सुरू झाली की मामासुद्धा सापडत नाहीत.