बाळाच्या नाळेतलं रक्त साठवायचं? पैसे भरण्याआधी एवढं वाचाच

सातवा महिना लागला की फोन सुरू होतात. "नाळेतलं रक्त साठवा, बाळाचा आयुष्यभराचा विमा काढा." हप्त्यांची सोय असते. घरचेही म्हणतात, लेकरासाठी पैशाकडे काय बघायचं?

हे रक्त खरंच उपयोगी आहे का?
हो. त्यातल्या स्टेम सेल्सपासून नवं रक्त तयार होतं. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये फॅन्कोनी अॅनिमिया झालेल्या ५ वर्षांच्या मुलावर असा पहिला उपचार यशस्वी झाला. पण ते रक्त त्याचं स्वतःचं नव्हतं, नवजात बहिणीचं होतं.

मग अडचण कुठे आहे?
थॅलेसेमियासारखा आजार जनुकांतून येतो. त्यामुळे तोच दोष बाळाच्या साठवलेल्या रक्तातही असतो. म्हणूनच आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, पुढे स्वतःला लागेल म्हणून हे रक्त साठवण्याला सध्या शास्त्रीय आधार नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००७ मध्ये दिलेल्या अंदाजांनुसार, स्वतःचं रक्त लागण्याची शक्यता हजारात एक ते दोन लाखांत एकाहूनही कमी आहे.

कधी साठवावं?
थोरल्या भावंडाला थॅलेसेमियासारखा आजार असेल तर. धाकट्याचं रक्त जुळलं, तर ते थोरल्याच्या कामी येऊ शकतं. हा निर्णय एजंटला नाही, डॉक्टरांना विचारून घ्यावा.

आणि बिनखर्चाचा फायदा?
जागतिक आरोग्य संघटना सांगते, नाळ कापण्याआधी किमान १ मिनिट थांबा. तेच रक्त बाळाच्या अंगात जातं आणि लोहाचा साठा वाढतो. साठवणुकीच्या घाईत हे मिनिट हुकायला नको.