झ्विडे ते योकोहामा, व्हाया शाळा

सीव्हीमध्ये एक ओळ असते, जी कुणी म्हणता कुणी वाचत नाही. शाळेचं नाव! पहिला जॉब शोधताना ती टक्क्यांसकट असते. दुसऱ्या जॉबला टक्के उडतात. तिसऱ्या स्विचपर्यंत अख्खी ओळच डिलीट. एचआरला इंटरेस्ट असतो तुमच्या सध्याच्या पॅकेजमध्ये आणि नोटीस पिरियडमध्ये. तुम्ही पार्ल्याच्या शाळेत होता की परभणीच्या, कुणाला पडलंय?

आज ज्या बॉसबद्दल बोलायचंय, त्याच्या सीव्हीतून ही ओळ खोडली, तर खालचं-वरचं बाकी सगळंच कोसळतं. आणि हे मी नाही, तो स्वतःच सांगतो.

त्याचं नाव सिया कोलिसी. साउथ आफ्रिकेच्या रग्बी टीमचा, म्हणजे स्प्रिंगबॉक्सचा, पहिला कृष्णवर्णीय टेस्ट कॅप्टन. २०१९ आणि २०२३ असे दोन वर्ल्ड कप त्याने लागोपाठ उचलले. असं करणारा त्याच्याआधी एकच कॅप्टन होता, न्यूझीलंडचा रिची मॅकॉ.

रग्बी म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना आठवतो तो 'इन्व्हिक्टस'. १९९५ची फायनल, सहा नंबरची हिरवी जर्सी घालून मैदानात आलेले नेल्सन मंडेला आणि त्यांच्याकडून कप घेणारा फ्रान्स्वा पिनार. सॉलिड सीन! पण त्या विजेत्या टीमकडे नीट पाहिलंत, तर गोरा नसलेला खेळाडू एकच दिसतो, चेस्टर विल्यम्स. फोटो बदलला होता, टीम बदलायची बाकी होती. ती बदलायला मंडेलांची जर्सी पुरेशी नव्हती. त्यासाठी लागणार होती शाळा, डबा आणि अंगात घालायला धड हाफ पँट.

विटेची गाडी

कोलिसी जन्मला १६ जून १९९१ला, पोर्ट एलिझाबेथ शहराच्या कडेच्या झ्विडे नावाच्या टाऊनशिपमध्ये. (या शहराला २०२१मध्ये खोसा भाषेतलं नवं नाव मिळालं.) टाऊनशिप म्हणजे वर्णभेदाच्या काळात काळ्या लोकांना शहराबाहेर वसवलेली वस्ती. माणसाला जन्मतःच वंशाच्या रकान्यात टाकणारा कायदा साउथ आफ्रिकेच्या पार्लमेंटने रद्द केला, तो १७ जून १९९१ला. म्हणजे एका दिवसाने त्याची चुकामूक झाली.

कायदा गेला म्हणून घरात जेवण आलं नाही. जन्माच्या वेळी आई-वडील दोघंही टीनएजर. वाढवलं आजीने. खेळणं काय, तर एक वीट. तीच जमिनीवर ढकलत फिरायचं, तीच गाडी. पुढे आई गेली, आजी गेली, दोघीही तो लहान असतानाच.

आता एक गैरसमज काढून टाका. रग्बी हा साउथ आफ्रिकेत फक्त गोऱ्यांचा खेळ कधीच नव्हता. पोर्ट एलिझाबेथ ज्या ईस्टर्न केप भागात येतं, तिथे कृष्णवर्णीयांच्या रग्बी क्लबना शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे. कोलिसीच्या घरातही हा खेळ होता. वडील खेळायचे, आजोबा खेळायचे. तोही झ्विडेच्या आफ्रिकन बॉम्बर्स क्लबच्या मैदानावर धडपडत मोठा झाला. म्हणजे टॅलेंट होतं, पॅशन होती, घरचं बाळकडूही होतं. या तिन्ही गोष्टी त्याच्या आजोबांकडेही होत्या. नव्हता तो पुढे जायचा रस्ता.

बॉक्सरमधला मुलगा

तो रस्ता एका माणसाने दाखवला. एरिक सोंगविकी हे त्याचे पहिले कोच. पोरात काहीतरी आहे, हे त्यांनी हेरलं. पहिल्या प्रांतिक ट्रायलला हा पठ्ठ्या उतरला तो चक्क बॉक्सरवर, कारण रग्बीची हाफ पँटच नव्हती! बारा वर्षांचा असताना मॉसेल बे इथल्या एका ज्युनिअर टुर्नामेंटमध्ये तो बाहेरच्या लोकांच्या नजरेत भरला. पाठोपाठ ग्रे ज्युनिअर आणि मग ग्रे हायस्कूलची स्कॉलरशिप मिळाली.

ग्रे हायस्कूल काय चीज आहे? १८५६ साली सुरू झालेली शाळा, प्रशस्त मैदानं, क्लॉक टॉवर, ब्लेझर-टाय. आपल्या क्रिकेटवेड्या काकालोकांना लगेच समजेल अशी ओळख म्हणजे, ग्रॅम पोलॉक इथलाच! तिकडच्या अशा मोजक्या शाळा म्हणजे रग्बीपटूंच्या फॅक्टऱ्याच. शाळेच्या मॅचला माजी विद्यार्थी सहकुटुंब हजेरी लावतात, स्टँड भरतात.

मुंबईकरांना हा प्रकार नवा नाही. सचिन तेंडुलकरने बांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रम गाठलं, ते क्रिकेटसाठीच. आचरेकर सर, शिवाजी पार्क आणि हॅरिस शिल्डच्या मॅचेस, हे सगळं त्या एका अॅडमिशनसोबत आलं. तरी एक फरक आहे. सचिन संध्याकाळी ज्या घरी परतायचा, तिथे ताट वाढलेलं असायचं. कोलिसीला ताटसुद्धा शाळेनेच दिलं.

रग्बी हा अंगाचा खेळ आहे. कोलिसी खेळतो ती पोझिशन फ्लँकरची. काम काय, तर समोरून धावत येणाऱ्याला खांद्याने थोपवायचं, खाली पाडायचं, उठायचं आणि पुढच्याकडे धावायचं. ऐंशी मिनिटं हेच! हे करायला सहा फुटांवरचं, शंभर किलोंच्या पुढचं शरीर लागतं. आणि ते जिममध्ये पंचविशीत बनत नाही. ते बाराव्या वर्षापासून रोज पोटात काय पडतं, त्यावर ठरतं. हॉस्टेलच्या मेसमधल्या नेमाने मिळणाऱ्या तीन जेवणांचा त्याच्या खेळात जेवढा वाटा आहे, तेवढा कुठल्याही कोचच्या लेक्चरचा नसेल.

दुसरी अडचण भाषेची. पोरगं खोसा बोलणारं, वर्गात सगळं इंग्लिश. सर काय शिकवतायत आणि मित्र कशावर हसतायत, काहीच कळेना. मग एका वर्गमित्राने त्याला इंग्लिश शिकवायला घेतलं आणि बदल्यात त्याच्याकडून खोसा शिकला. मराठी मीडियममधून थेट इंग्लिश प्रेझेंटेशनसमोर उभं राहिलेल्या प्रत्येकाला हा मित्र किती मोलाचा असतो, ते वेगळं सांगायला नको.

शाळेतच असताना २००७ साली साउथ आफ्रिकेने दुसरा वर्ल्ड कप जिंकला. सुट्टीत घरी आलेल्या सोळा वर्षांच्या कोलिसीने ती फायनल पाहिली झ्विडेमधल्या एका गुत्त्यात. घरी टीव्ही नव्हता.

कॅम्पस प्लेसमेंट

शाळेतून प्रोफेशनल टीममध्ये जायचा तिकडचा मार्ग आपल्या कॅम्पस प्लेसमेंटसारखाच आहे. दरवर्षी अठरा वर्षांखालच्या प्रांतिक टीम्सची 'क्रेव्हन वीक' नावाची टुर्नामेंट होते. १९६४पासून चालू आहे. बाऊंड्रीबाहेर मोठ्या क्लबांची माणसं वह्या घेऊन बसलेली असतात आणि आठवडाभरात अनेकांच्या करिअरचा फैसला होतो. कोलिसी ही टुर्नामेंट दोनदा खेळला, २००८ आणि २००९ला. शाळा संपली आणि केप टाऊनच्या वेस्टर्न प्रॉव्हिन्सने त्याला उचललं. तिथे तेव्हा रग्बीची सूत्रं होती रासी इरास्मस नावाच्या माणसाकडे. हे नाव लक्षात ठेवा.

खेळून पगार मिळणं हेही त्या देशात नवंच होतं. रग्बी युनियन १९९५पर्यंत अधिकृतपणे हौशी खेळ होता. कागदोपत्री खेळाडूला पैसे घ्यायला बंदी! म्हणजे त्याच्या वडिलांच्या तरुणपणी हे करिअर अस्तित्वातच नव्हतं.

पुढचा ग्राफ झरझर वर जातो. २०११ला वेस्टर्न प्रॉव्हिन्सच्या सीनिअर टीममध्ये, २०१२ला स्टॉर्मर्सकडून सुपर रग्बी. १५ जून २०१३, स्कॉटलंडविरुद्ध तो बेंचवर होता. पाचव्याच मिनिटाला एकजण जखमी झाला आणि याला आत पाठवलं. बावीस पूर्ण व्हायला एक दिवस बाकी असताना पहिल्याच टेस्टमध्ये मॅन ऑफ द मॅच! पिक्चर इथेच संपायला हवा होता, नाही का?

पण नाही. पुढची तीन-चार वर्षं बहुतेक वेळा पुन्हा बेंच. २०१५च्या वर्ल्ड कपमध्ये दोनच मॅचेस वाट्याला आल्या, त्यातली एक जपानकडून झालेला तो ऐतिहासिक पराभव. पहिल्या अप्रेझलला 'एक्सलंट' मिळाल्यावर चार वर्षं त्याच खुर्चीत बसावं लागलेल्यांनी हात वर करा! २०१७मध्ये स्टॉर्मर्सने त्याला कॅप्टन केलं आणि गाडी पुन्हा रुळावर आली. २०१८मध्ये स्प्रिंगबॉक्सचा कोच झाला तोच रासी इरास्मस. त्याने कॅप्टनपद दिलं, केप टाऊनमध्ये आपणच घेतलेल्या त्या मुलाला. कॅप्टन म्हणून पहिली टेस्ट जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर, जिथे मंडेलांनी ती जर्सी घातली होती. इंग्लंड २४-३ असं पुढे होतं. साउथ आफ्रिकेने मॅच जिंकली ४२-३९!

२ नोव्हेंबर २०१९. योकोहामा. समोर पुन्हा इंग्लंड, स्कोअर ३२-१२. कोलिसीची ही पन्नासावी टेस्ट होती आणि पाठीवर सहा नंबर. स्टँडमध्ये वडील होते, आयुष्यात पहिल्यांदा परदेशी आलेले.

आणि मापिम्पी?

इथे टाळ्या वाजवून थांबता येईल. 'जिद्द असेल तर काहीही शक्य आहे' असं पोस्टर बनवून ऑफिसच्या पँट्रीत लावताही येईल. पण त्याच फायनलमधला दुसरा एक माणूस हे पोस्टर लावू देत नाही.

त्याचं नाव माकाझोले मापिम्पी. साउथ आफ्रिकेने दोन वर्ल्ड कप जिंकले होते, पण फायनलमध्ये ट्राय एकही नव्हता. तो पहिला ट्राय केला मापिम्पीने, योकोहामात. हाही ईस्टर्न केपचाच, कोलिसीपेक्षा एक वर्षाने मोठा. लहानपणी आई, बहीण, भाऊ गमावलेले. जिद्द म्हणाल तर काकणभर जास्तच. फक्त त्याला ग्रे हायस्कूल मिळालं नाही. तो गावच्या शाळेत शिकला, जिथे वही घेऊन बसणारे लोक येत नाहीत.

आता दोघांच्या तारखा शेजारी ठेवा. सुपर रग्बीत कोलिसी २०१२ला, मापिम्पी २०१७ला. पहिली टेस्ट कोलिसीची २०१३ला, मापिम्पीची २०१८ला, अठ्ठावीस वर्षांचा होत आला तेव्हा. दोन्हीकडे बरोब्बर पाच वर्षं! फ्लँकर आणि विंगर यांची कामं वेगळी, मान्य. तरी ज्या खेळात तिशी ओलांडली की लोक रिटायरमेंटबद्दल विचारायला लागतात, तिथे पाच वर्षं म्हणजे अर्धं करिअर. मापिम्पी उशिरा का होईना पोचला. जे पोचलेच नाहीत, त्यांच्या तारखा शेजारी ठेवायला आपल्याकडे नाहीत.

कोलिसीला हे पक्कं ठाऊक आहे. २०१९च्या वर्ल्ड कपपर्यंत टीममध्ये निम्मे खेळाडू गोरे नसावेत, असं टार्गेट तिकडे ठरलं होतं. त्यावर त्या वर्षाच्या सुरुवातीला एका जपानी वृत्तसंस्थेने त्याला छेडलं. वर आकडे जुळवून काही होत नाही, सुरुवात टाऊनशिपमध्ये आणि खेड्यात करायला हवी, असं तो म्हणाला. आपण त्या इंग्लिश शाळेत गेलो नसतो, तर नीट खायला मिळालं नसतं, शरीर वाढलं नसतं, असंही त्याने स्पष्ट सांगितलं. मायदेशी बराच गदारोळ झाला. कोट्यामुळे आलास म्हणणारे खूश आणि कोटा हवा म्हणणारे नाराज! पण तो बोलत होता कोट्याच्याही आधीच्या गोष्टीबद्दल, जेवणाच्या ताटाबद्दल.

२०२३ला पॅरिसमध्ये त्याने पुन्हा कप उचलला, तोही एप्रिलमध्ये गुडघ्याचं लिगामेंट फाटल्यावर. क्वार्टर फायनल, सेमी, फायनल, तिन्ही मॅचेस एकेका पॉइंटने. फायनलला न्यूझीलंड ११, साउथ आफ्रिका १२. एक पॉइंट इकडेतिकडे झाला असता, तर त्याच्यावर आज कॉलम लिहिला गेला असता का, कुणास ठाऊक.

आपण मोठ्या पगाराच्या लोकांना 'सेल्फ मेड' म्हणतो, आणि चान्स मिळाला तर स्वतःलाही म्हणवून घेतो. पुढच्या वेळी सीव्ही अपडेट कराल, तेव्हा ती शाळेची ओळ डिलीट करण्याआधी एक मिनिट थांबा. फी कुणी भरली, डबा कुणी दिला, वर्गात न कळलेलं मधल्या सुट्टीत कुणी समजावलं, एवढं आठवून पाहा. आणि शेजारच्या बाकावर तुमच्याइतकंच हुशार कोण होतं, तेही.

रग्बी, पाच मिनिटांत

• टीममध्ये १५ जण, मॅच ८० मिनिटांची.

• बॉल हाताने पुढे फेकायचा नाही. पास बाजूला किंवा मागेच. पुढे न्यायचा तर घेऊन पळा, नाहीतर किक मारा.

• प्रतिस्पर्ध्याच्या गोललाइनपलीकडे बॉल जमिनीला टेकवला की 'ट्राय', ५ पॉइंट्स. त्यानंतरच्या यशस्वी किकचे २. पेनल्टी किंवा ड्रॉप गोलचे ३.

• मुंबईत बघायचाय? पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्याच्या चिखलात रग्बी रंगतो. अभिनेता राहुल बोस १९९८मध्ये भारताच्या पहिल्या इंटरनॅशनल रग्बी टीममधून खेळला होता. आणि जून २०२५मध्ये अंधेरीत सात-सात खेळाडूंची पहिली रग्बी प्रीमिअर लीगही झाली.