माढ्याचा माळ आणि न दिसलेला माळढोक

आधीच सांगून टाकतो, मला माळढोक दिसला नाही. त्यामुळे फोटोच्या आशेने आला असाल तर निराशा होईल. पण जानेवारीतला एक शनिवार माढा तालुक्यातल्या माळांवर घालवून आल्यापासून एक विषय डोक्यात घोळतोय, तो लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

पुण्याहून शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा पकडली की रात्री कुर्डुवाडीला उतरता येतं. पहाटे थंडी चांगलीच असते. उजाडताना माळावर चंडोल गायला लागतात, मग पखुर्ड्यांचा थवा आवाज करत डोक्यावरून जातो, आणि ऊन जरा वर आलं की गवतावरून अगदी खालून तरंगत येतात ते भोवत्ये. हे पाहुणे थेट कझाकस्तानकडून हिवाळ्यापुरते येतात आणि इथले नाकतोडे खातात. एवढं फुकटात दिसत असताना आम्हा पक्षीवेड्यांना मात्र दुर्मिळाचीच हाव! असो.

दुर्बीण ट्रायपॉडवर लावून उभा होतो तर एक म्हातारे शेतकरी आले. "पाव्हणं, मोजणीला आलाय व्हय?"

"नाही मामा, पक्षी बघायला."

त्यांचा चेहरा आणखीनच कडू झाला. "माळढोक तर न्हवं?"

हा संशय उगाच नाही हो. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्रफळ होतं तब्बल ८४९६ चौरस किलोमीटर. त्यात दोन गोवे मावून वर जागा उरेल! सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुके, त्यात माढाही. बरीचशी जमीन खाजगी, म्हणजे लोकांची शेतं, गावं, रस्ते. आमच्या धंद्यात याला स्कोप हाताबाहेर जाणं म्हणतात. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने हद्द १२२२ चौरस किलोमीटरवर आली, पण तोवर दोन पिढ्यांच्या मनात हा पक्षी आणि जमिनीवरची बंधनं एकच होऊन बसली होती. माझ्या मते माळढोकाचं सर्वात मोठं नुकसान त्या नकाशाने केलं. राखायला हवेत असे गवताचे तुकडे नेमके निवडले असते, तर मामांनी स्वतः मला बांधावर नेऊन जागा दाखवली असती.

कारण हा पक्षी शेतकऱ्याचा वैरी कधीच नव्हता. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मोकळ्या माळावर उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो, आणि ज्वारी-भुईमुगाच्या रानात किडे टिपत हिंडतो. कोरडवाहू मालदांडीच्या मुलखात त्याचं बरं चाललं होतं. मग उजनी आलं. धरणाची भिंत माढा तालुक्यातच आहे. पाणी आलं, ऊस आला, घरं पक्की झाली, पोरं शिकून पुण्याला आली (त्यातली काही माझ्या शेजारच्या डेस्कवर बसतात). गंमत बघा, त्याच पाण्याच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात, ते बघायला आपण भिगवणला गर्दी करतो. रोहिताला जे लाभलं तेच माळढोकाला नडलं. उसात त्याला ना दिसतं, ना पळता येतं. यात शेतकऱ्याला दोष देणं मला पटत नाही. दोन वेळा चहात साखर घालून ते बोलायचा मला अधिकारच नाही.

आज देशभरात मिळून दीडशेच्या आसपास माळढोक उरले असावेत, बहुतेक सगळे राजस्थानात. तिथे विजेच्या तारा त्यांचा जीव घेतात: डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं कमी दिसतं आणि जड शरीर ऐनवेळी वळत नाही. तारांचा वाद २०२१ पासून न्यायालयात गाजला. जैसलमेर जिल्ह्यात कृत्रिम पैदास सुरू आहे, पिल्लं जन्मताहेत. ठीक. पण उद्या त्यातली चार पिल्लं सोलापुराला देऊ केली, तर सोडणार कुठे?

इथे आपला, म्हणजे तुमचा-माझा, संबंध येतो. सरकारी कागदावर माळ म्हणजे 'पडीक'. पडीक म्हटलं की दर पावसाळ्यात कुणीतरी तिथे झाडं लावायला निघतं, आणि त्यात कंपन्यांच्या बसेस भरून आपणच असतो. टीशर्ट, टोपी, गिरिपुष्पाचं रोप, ग्रुप फोटो! माळाला झाडं नकोत हे कुणाच्या गावीच नसतं. धनगराच्या मेंढ्या, लांडगा, काळवीट, धाविक, चंडोल, सगळे गवतावर जगतात. सावली आली की गवत जातं, आणि मग हळूहळू तेही जातात. मला विचाराल तर तो पैसा गायरानातलं गवत राखणाऱ्या गावाला द्यावा, तिथल्या मेंढपाळांना विचारून.

जूनमध्ये आमच्याकडे वृक्षारोपणाची मेल येईलच. या वेळी मी 'रिप्लाय ऑल' करून एवढंच विचारणार आहे, की जागा कुठली आणि तिथे आत्ता काय उगवतंय?