तक्रारीला सोबत कोण जाणार?

भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराकडे निघालेल्या संध्याकाळच्या लाँचमध्ये रमजानच्या दिवसांत रोजा सोडायची वेळ पाण्यावरच होते. खजुराची पुडी निघते, शेजारी बसलेल्या मावशींच्या हातावरही दोन खजूर ठेवले जातात. उरणकरांना त्यात नवल वाटत नाही. पण नुसती दाढी किंवा हातातला डबा पाहून प्रवाशावर हात टाकला जातो, हेही आपल्याच राज्यात घडले आहे.

२८ ऑगस्ट २०२४ रोजी धुळे-मुंबई एक्स्प्रेसमध्ये जळगाव जिल्ह्यातील ७२ वर्षांच्या एका गृहस्थांना इगतपुरीजवळ काही तरुणांनी गोमांसाच्या संशयावरून मारहाण केली. ते कल्याणला मुलीकडे निघाले होते. म्हशीचे मांस सोबत होते, आणि त्यावर महाराष्ट्रात बंदी नाही. डबा भरलेला होता. अनेकांनी पाहिले, कुणी चित्रीकरणही केले. त्यांच्याबरोबर पोलिसांकडे मात्र कुणी गेले नाही. चित्रफीत पसरल्यावर लोहमार्ग पोलिसांनीच त्यांना शोधून काढले आणि ठाण्यात गुन्हा नोंदवला. आधी लागलेली कलमे जामीनपात्र होती. लोकांतून ओरड झाल्यावर गंभीर कलमे वाढली. चित्रफीत नसती तर तक्रारच झाली नसती, असे मानायला जागा आहे.

मार खाल्लेला माणूस गप्प का बसतो, याची कारणे साधी असतात. पुन्हा त्याच गाडीने जायचे असते, मुले घाबरतात, आणि आपल्यावरच उलटा गुन्हा लागेल अशी धास्ती असते. त्यात हद्दीचा घोळ. मोरा बंदराचेच पाहा. जिल्हा रायगड, पण पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. लाँच सुटते मुंबईतून, आणि जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत आलेल्या लोकलमध्ये काही घडले तर लोहमार्ग पोलीस. भेदरलेल्या माणसाने यातले काय लक्षात ठेवायचे? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने हा प्रश्न सोडवला आहे. गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो, आणि त्याची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात नकार मिळाला तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार पाठवता येते. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

तक्रारीत काय लिहिले जाते, यावर मात्र पुढचे बरेच अवलंबून असते. जातीवरून झालेल्या शिवीगाळीसाठी पोलिसांच्या मराठीत ‘जातीवाचक’ असा नेमका शब्द आहे. धर्मावरून दिलेल्या शिवीची मात्र सहज ‘अश्लील शिवीगाळ’ होऊन जाते आणि मारण्याचे कारणच कागदावरून पुसले जाते. म्हणून उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला लावावेत. मराठी वाचता येत नसेल तर जबाब समजेल अशा भाषेत वाचून घ्यावा, मगच सही करावी. दवाखान्यातही ‘पडलो’ न सांगता ‘मारले’ असेच सांगावे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून समुदाय, भाषा किंवा वैयक्तिक श्रद्धा यांवरून जबर दुखापत केली तर न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण तो हेतू सिद्ध व्हायचा तर आधी तो नोंदला गेला पाहिजे.

हे सगळे पहिल्या दिवसांचे झाले. खरी कसोटी पुढे असते. २ जून २०१४ रोजी पुण्यात हडपसरला नमाजाहून परतणाऱ्या सोलापूरच्या एका तरुण अभियंत्याचा जमावाने जीव घेतला. खटल्याचा निकाल लागला जानेवारी २०२३ मध्ये, आणि सर्व आरोपी निर्दोष सुटले. तोपर्यंत न्यायाची वाट पाहणारे वडील हयात नव्हते. साडेआठ वर्षे एखाद्या घराने कुणाच्या बळावर काढायची?

सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ च्या निकालात झुंडबळींबाबत याचा विचार केला आहे. प्रत्येक जिल्ह्यात एक जबाबदार पोलीस अधिकारी, ३० दिवसांत अंतरिम मदत, आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीतून कुटुंबाच्या पसंतीचा मोफत वकील, असे निर्देश त्यात आहेत. हे कुटुंबाला माहीत नसते, आणि त्यांना सांगायला कुणी जातही नाही.

रमजानमध्ये मशिदींतून जकात जमा होते, शिधा वाटला जातो. तो वाटलाच पाहिजे. पण जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये कर्जात बुडालेला आणि वाटेत अडकलेला प्रवासी हे दोघेही आहेत, याची आठवण मोहल्ला कमिट्यांना कमी असते. उपचारापायी कर्जबाजारी झालेले घर यात सहज बसते. सदका तर कोणत्याही धर्माच्या पीडिताला देता येतो. साक्ष लपवणे हा कुरआनने गुन्हा मानला आहे, आणि तोही केवळ मशिदीत सांगण्याचा विषय नव्हे. त्या डब्यात सगळ्याच धर्मांचे प्रवासी असणार.

तातडीच्या वेळी पोलिसांचा क्रमांक ११२, रेल्वेचा १३९ आणि मोफत कायदेशीर मदतीचा १५१००. उरणच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायला पैसे लागत नाहीत. अर्जदाराबरोबर शेजारी आला तरी चालतो.